मधल्या माणसांचा नकार: तीन नर्सेस आणि राजारामपुरीजवळचा एक फ्लॅट

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी कर्मचारी विभाग बघते. ही गोष्ट २०२४ च्या जून-जुलैतली. माणसं आणि जागा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिन्ही नर्सेसना इथे त्यांच्या भागावरून नावं दिली आहेत: गारगोटीकर, वडगावकर आणि निपाणीकर. खरी आडनावं वेगळी आहेत. 'कर' लावलं की माणूस कुठल्या समाजाचा हे पटकन कळत नाही. त्या तिघींना मात्र ती सोय नव्हती.

तिघीही जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतिशास्त्राची पदविका) झालेल्या, वय तेवीस-चोवीस. गारगोटीकर मराठा शेतकरी घरातली, वडगावकर बौद्ध, निपाणीकर मुस्लिम. रुजू एकाच दिवशी झाल्या, पगार सारखा, वॉर्ड वेगळे. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात त्यांची गट्टी जमली ती डब्यावरून. निपाणीकरच्या घरून शेंगांची पोळी यायची आणि ती आयसीयूच्या सिस्टर्सपर्यंत पोचायच्या आत संपायची.

आमच्याकडे ड्युटी तीन पाळ्यांत: सकाळी आठ ते दोन, दोन ते रात्री आठ, आणि नाईट आठ ते आठ. दुपारची पाळी करून रात्री आठला सुटलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उभं राहायचं असतं. निपाणी चाळीसएक किलोमीटर, गारगोटी त्याहून लांब. पेठ वडगाव त्यामानाने जवळ, पण रात्री नऊला एसटी स्टँडवर उभं राहून गाडीची वाट बघणं हे वर्षभर कुणाला जमत नाही. शहरात खोली मिळाली नाही की दोन-तीन महिन्यांत राजीनामा येतो. माझ्या फायलीत असे राजीनामे आहेत आणि प्रत्येकावर कारण लिहिलंय 'घरगुती अडचण'. हॉस्पिटलचं स्वतःचं हॉस्टेल चौथ्या मजल्यावर, बावीस कॉटचं. तेव्हा एकही कॉट रिकामी नव्हती.

मी रोज दसरा चौकातून कामावर येते. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला एकेका समाजाची बोर्डिंगं. बाहेरून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, की समतेच्या राजाने जातवार वसतिगृहं कशी काढली. त्यामागची हकीकत सांगितली पाहिजे. १८९६ मध्ये महाराजांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी म्हणून वसतिगृह काढून बघितलं होतं. प्रत्यक्षात तिथे ब्राह्मण मुलंच राहिली. दार सगळ्यांना उघडं होतं, आत मात्र सगळे येऊ शकले नाहीत. मग १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, असं करत एकेका समाजाला शहरात पाय ठेवायला जागा करून दिली गेली. त्याच काळात, २६ जुलै १९०२ ला, संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्याचा जाहीरनामा निघाला. राहायची जागा आणि नोकरी हा एकच प्रश्न आहे, हे या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी कळलेलं होतं.

अडचण

एजंटाने दाखवलेला फ्लॅट राजारामपुरीच्या पलीकडे, सोळा फ्लॅटच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. टू बीएचके, भाडं बारा हजार, डिपॉझिट चाळीस हजार. हॉस्पिटलला चालत दहा मिनिटं. तिघींना आवडला. दोन हजार टोकन दिलं. एजंटाने हॉस्पिटलचं पत्र मागितलं, ते आम्ही त्याच दिवशी दिलं.

दोन दिवसांनी एजंटाचा मला फोन: "मॅडम, मालक म्हणतात फॅमिलीला द्यायचाय." ठीक, असं होतं. पण तासाभराने त्यानेच गारगोटीकरला परस्पर फोन केला. तिसरीचं जमणार नाही, तुम्ही दोघी असाल तर बघतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा: तुझ्याबरोबर आपल्यातली कोण असेल तर आजच चावी देतो.

म्हणजे पहिल्या फोनला निपाणीकर गेली आणि दुसऱ्या फोनला वडगावकर. 'मुस्लिम' किंवा 'बौद्ध' हा शब्द दोन्ही फोनमध्ये एकदाही आला नाही. 'तिसरी' आणि 'आपल्यातली' एवढ्यावर काम झालं.

मी मालकांना फोन लावला. निवृत्त अधिकारी, पुण्यात मुलाकडे राहतात. फार गोड बोलले. "माझं काही नाही हो, सोसायटीचं तेवढं बघा." सोसायटीच्या चेअरमनना भेटले. "सोसायटी कशाला नाही म्हणेल? फ्लॅट मालकाचा, त्यानं कुणालाही द्यावा." एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, "मी काय, मधला माणूस. मला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात." तिघांनीही नकार दिलेला नव्हता, आणि फ्लॅट मात्र मिळत नव्हता.

या प्रकारात चिठ्ठी फिरावी तसा नकार हातोहात फिरतो. कुणाच्याच अक्षरात नसलेली ती चिठ्ठी शेवटी त्या मुलीच्या हातात पडते. पुढचे तीन आठवडे मी जे काही केलं, ते मुख्यतः ती चिठ्ठी उलट्या दिशेने फिरवायची खटपट होती. त्यात सुरुवातीला मीच चुकले.

दरम्यान तिघींनी आणखी पाच जागा बघितल्या. दोन ठिकाणी 'ओन्ली व्हेज' ऐकायला मिळालं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात ही अट ऐकली की मला हसू येतं, कारण त्यातल्या एका घरात पायरीवर उभं असतानाच मटणाचा वास येत होता. निपाणीकर म्हणाली, "आम्ही व्हेज राहतो म्हटलं तरी त्यांचं जमणार नाही." एका ठिकाणी मात्र लगेच होकार मिळाला. नदीच्या बाजूची तळमजल्याची खोली, भाडं कमी. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पिवळट रेघ होती, २०१९ ची की २०२१ ची ते विचारायची गरज पडली नाही. पंचगंगेचं पाणी जिथे येतं तिथे आडनाव कुणी विचारत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग माझ्या डोक्यात आला आणि तो मी बोलूनही टाकला: करार एकट्या गारगोटीकरच्या नावाने करायचा, बाकी दोघी पाहुण्या म्हणून राहतील. माझ्या दृष्टीने ही व्यवहारी युक्ती होती. वडगावकर म्हणाली, "म्हणजे मी तिथं चोरून राहायचं का मॅडम?" एवढंच. मी गप्प बसले. दर अकरा महिन्यांनी होणाऱ्या करारात नाव नाही, पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूंच्या माहितीत नाव नाही, म्हणजे वॉचमनने ठरवलं तरी रात्री बॅग घेऊन बाहेर. तिच्यावर होणारा अन्याय मी तिच्याच संमतीने पक्का करायला निघाले होते. शिवाय सगळा भार गारगोटीकरच्या डोक्यावर. तिचे वडील आधीच म्हणत होते, "घे की तू, त्या बघतील त्यांचं." ती दोन दिवस घुटमळली. त्या दोन दिवसांबद्दल तिला कुणी बोल लावू नये. चोवीस वर्षांच्या पोरीसमोर तो पेच एजंटाने ठेवला आणि मी तो आणखी आवळला.

दुसरा मार्ग तक्रारीचा. आमच्या वकिलांकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर इतकं स्पष्ट माहीत नव्हतं. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. खासगी मालकाचा फ्लॅट त्यात बसत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि त्याच्या अंमलासाठी आलेल्या नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये कुठल्याही वस्तीत राहायची जागा घेण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. बौद्ध अनुसूचित जातींना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींचे हक्क मिळतात. म्हणजे वडगावकरसाठी निदान एक कायदा होता, निपाणीकरसाठी काहीच नव्हता. धर्मावरून घर भाड्याने नाकारणाऱ्या खासगी मालकाला अडवणारा सरळ कायदा आपल्याकडे नाही.

एकाच फ्लॅटच्या एकाच नकारात एकीच्या हातात कलम आणि दुसरीच्या हातात काही नाही. तक्रार केली असती तर ती एकटीची झाली असती. पुरावा बघितला तर फोनवरचे दोन शब्द, तेही गारगोटीकरने ऐकलेले. मी वडगावकरला विचारलं. ती नको म्हणाली. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती चिडली: "पहिल्याच महिन्यात पोलीस ठाणं? माझ्या घरच्यांनी काय म्हणायचं?" तक्रार करायची की नाही हा तिचा अधिकार, आणि मी तीनदा विचारून त्याचा दबाव केला. पहिल्या नकारानंतर थांबायला हवं होतं.

तिसरा मार्ग म्हणजे हॉस्पिटलने स्वतः फ्लॅट भाड्याने घ्यायचा. प्रशासनाचा पहिला सवाल ठरलेला: आज तिघींना दिलं, उद्या चाळीस जणी आल्या तर? मी हिशेब मांडला. एक नर्स दोन महिन्यांत सोडून गेली की जाहिरात, मुलाखती, ट्रेनिंग, आणि मधल्या काळात दुसऱ्यांना दिलेल्या डबल ड्युट्या. भाडं तिघींच्या पगारातून कापलं जाणार, हॉस्पिटलची फक्त सही आणि जबाबदारी. हे पटलं. मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. हॉस्पिटलच्या नावाआड त्यांची नावं झाकली जाणार. ही वरच्या दर्जाची 'चोरून राहायची' युक्ती नाही का? यावर माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. त्यातल्या त्यात एवढं ठरवलं, की करारात हॉस्पिटलसोबत तिघींची पूर्ण नावं राहणाऱ्या व्यक्ती म्हणून येतील. झाकायचं नाही.

चौथा मार्ग दुसरी जागा शोधायचा. तो सगळ्यात सोपा, आणि सगळे तोच घेतात. म्हणून तर पुराच्या पट्ट्यातल्या खोल्यांना कायम भाडेकरू मिळतात.

काय केलं

आधी लिखापढी. मी मालक, चेअरमन आणि एजंट तिघांना एकच व्हॉट्सअॅप मेसेज पाठवला: आमच्या तीन नर्सेसपैकी कुणाला आणि कोणत्या कारणाने फ्लॅट देता येत नाही, ते कृपया लिहून कळवावं. धमकी नाही, कलम नाही. दिवसभर तिन्हीकडे निळ्या टिका आणि शांतता. रात्री साडेनऊला मालकांचा फोन आला. "अहो, लिहून कशाला?"

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. सोसायटीतल्या एका बाईंनी त्यांना फोन केला होता: कुणालाही ठेवाल तर उद्या फ्लॅट विकायला काढल्यावर गिऱ्हाईक येणार नाही. मालकांना भाडेकरू कोण याचं काही नव्हतं, ते खरंच बोलत होते. त्यांना भीती होती ती विक्रीच्या किमतीची. ही भीती खोटी आहे असं मी म्हणू शकले नाही. मी एवढंच म्हटलं, की हॉस्पिटल दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं खात्यात टाकेल, करार नोंदणीकृत असेल, आणि अकरा महिन्यांनी फ्लॅट जसा घेतला तसा परत मिळेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. ती आम्ही आमच्या खर्चाने उचलतो म्हटल्यावर ते सैल झाले.

मग चेअरमन. जिन्याखालच्या सोसायटीच्या ऑफिसात बसलो. भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो, त्याला चार दिवसांपूर्वी २६ जूनला घातलेला हार तसाच, सुकलेला. चेअरमन म्हणाले, "मॅडम, हे शाहूंचं गाव आहे. इथं असलं काही चालत नाही." हे वाक्य मी मुलाखतीला बाहेरून आलेल्या मुलींना स्वतः कितीदा ऐकवलंय. त्यात अभिमान असतो, खोटेपणा नसतो. पण ते बोलून झालं की समोरच्याला आपली अडचण सांगायला जागा उरत नाही.

वाद घालायचा नाही असं मी ठरवून गेले होते. उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, प्रत नेली होती. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर, देताना सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कराराची प्रत देऊन कळवायचं असतं. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते भोगवटा नसल्याचं शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मी म्हटलं, "साहेब, मी परवानगी मागायला आलेले नाही, कळवायला आलेय. तुमच्यावर जबाबदारी येत नाही." हे शेवटचं वाक्य चाललं. त्यांचा खांद्यावरचा भार उतरल्यासारखा चेहरा झाला. सोसायटीतल्या कुणी विचारलं तर 'नियमच तसा आहे' असं सांगता येणार होतं. नकार देताना जसं 'माझं काही नाही, लोकांचं आहे' म्हणता येतं, तसंच होकार देतानाही म्हणता यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. त्यावर दुसरा प्रश्न आला नाही. माझ्या आडनावावर दुसरा प्रश्न कधी येतच नाही, आणि हे लक्षात यायला मला नोकरीची अठरा वर्षं लागली.

मालकांनी होकार दिला, पण डिपॉझिट चाळीसचं साठ केलं. "रिस्क आहे ना थोडी." हॉस्पिटलने वरचे वीस हजार भरले. मी हो म्हटलं, कारण दोन दिवसांवर नाईटचं वेळापत्रक होतं आणि निपाणीकर तेव्हा मावशीच्या नात्यातल्या कुणाकडे हॉलमध्ये झोपत होती.

आमच्या घरातली गोष्ट

हे सगळं चालू असताना मला एक प्रश्न पडला. फ्लॅट बघायला तिघी गेल्या तेव्हा एजंटाने फक्त पहिली नावं विचारली होती. वडगावकरचं पहिलं नाव असं आहे, की त्यावरून काही कळायचं नाही. मग त्याला कळलं कसं?

आमच्या पत्रातून. ऑफिसातल्या क्लार्कने रुजू होतानाच्या फॉर्मवरून पत्र टाइप केलं होतं आणि फॉर्ममध्ये जसे रकाने होते तसे उतरवले होते: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, कायमचा पत्ता, धर्म, जात. क्लार्कचा काही वाईट हेतू नव्हता, त्याने फॉर्म भरला. तो फॉर्म माझ्या आधीपासून चालत आला होता आणि मी तो वर्षानुवर्षं सही करून पुढे पाठवत होते. भाड्याच्या पत्रात जात कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. पहिला मधला माणूस मीच होते.

मग हॉस्टेलची यादी काढून बघितली. बावीस कॉटच्या पाच खोल्यांत मुस्लिम मुली सगळ्या एका खोलीत. मेट्रन म्हणाल्या, "त्यांनाच बरं वाटतं, एकमेकींत." मी त्या खोलीतल्या चौघींना वेगवेगळं विचारलं. दोघी म्हणाल्या खरंच बरं वाटतं, रमजानमध्ये पहाटे उठायला सोपं जातं. एकीला फरक पडत नव्हता. चौथी म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं." या चार उत्तरांतून सरसकट नियम करता येत नाही. आम्ही वाटप पाळीवर आणलं, म्हणजे नाईटवाल्या एका खोलीत, जेणेकरून दिवसा कुणी त्यांची झोप मोडणार नाही. ज्यांना मैत्रिणीबरोबर राहायचंय त्यांनी स्वतः लिहून मागायचं. मेट्रन महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या.

रुजू होण्याच्या फॉर्ममधून धर्म-जातीचा रकाना काढला. भाड्यासाठीचं पत्र बदललं: 'आमच्या तीन स्टाफ नर्सेस', कर्मचारी क्रमांक, पगारातून भाडं देण्याची हमी. नावं कराराच्या वेळी. एजंटांना सांगितलं, की जागा दाखवायच्या आधी आडनाव विचारणाऱ्याकडे हॉस्पिटल माणसं पाठवणार नाही. चारातले दोन एजंट गेले.

पुढे काय झालं

तिघी जुलैच्या पहिल्या आठवड्यात राहायला गेल्या. एकीनेही राजीनामा दिला नाही, आणि हॉस्पिटलच्या हिशेबात हे प्रकरण तिथे यशस्वी ठरलं.

सोसायटीत काही बोललं जात नव्हतं. वॉचमनच्या वहीत गारगोटीकरच्या भावाची नोंद व्हायची नाही, निपाणीकरच्या भावाची प्रत्येक वेळी व्हायची, गाडीच्या नंबरासकट. गणपतीची वर्गणी मागायला मुलं आली ती गारगोटीकरचं नाव घेऊन, तिची पावती फाडून गेली. बाकी दोघींना मागितलंच नाही. वर्गणी न मागणं हीसुद्धा अपमानाची तऱ्हा असू शकते, हे मला वडगावकरने सांगितल्यावर उमगलं. ती आणि निपाणीकर खाली मांडवात गेल्या, प्रत्येकी एकशे एक्कावन्न दिले आणि पावतीवर पूर्ण नाव लिहून घेतलं. "आडनाव नीट लिहा," असं वडगावकर म्हणाली म्हणे. आरतीला मग तिघींना बोलावणं आलं. ज्या बाईंनी मालकांना फोन केला होता असा आमचा संशय, त्यांच्या सासऱ्यांचं सलाइन नोव्हेंबरात घरी लावायला निपाणीकरच गेली. मी तिला म्हटलं, जायलाच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, "पेशंट आहे मॅडम." त्या बाई आता जिन्यात बोलतात, पण वहीतल्या नोंदी तशाच चालू राहिल्या.

आता वेगळं काय केलं असतं

पहिली गोष्ट, तिघींना एकत्र बसवून विचारलं असतं: तुम्हाला काय हवंय, कशाला तुम्ही तयार आहात, कशाला नाही. मी प्रत्येकीशी वेगळी बोलले. त्यामुळे गारगोटीकरला वाटलं आपल्यामुळे अडलंय, वडगावकरला वाटलं आपल्याला वापरतायत, आणि निपाणीकरला पहिले दहा दिवस काय चाललंय तेच धड माहीत नव्हतं. तिच्याबद्दल सगळ्यांत जास्त बोललं गेलं आणि तिच्याशी सगळ्यांत कमी.

वाढीव डिपॉझिट मान्य करायला नको होतं. वीस हजार मोठी रक्कम नाही, पण त्या रकमेने मालकांचं म्हणणं खरं ठरवलं, की या मुली म्हणजे जोखीम. त्याऐवजी दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ केलं असतं, आणि तेसुद्धा हॉस्पिटलच्या प्रत्येक फ्लॅटला सारखंच.

पहिल्या फोनपासून तारीख-वेळ लिहून ठेवायला हवी होती. एजंटाचे ते दोन फोन गारगोटीकरच्या आठवणीत आहेत, कागदावर नाहीत. उद्या दुसऱ्या एखाद्या वडगावकरला तक्रार करावीशी वाटली, तर तिच्या हातात निदान काहीतरी असलं पाहिजे.

आणि आमचं पत्र मी सगळ्यांत आधी वाचायला हवं होतं. मालक, चेअरमन, एजंट असं फिरून शेवटी माझ्याच टेबलावर आले.

अकरा महिन्यांनी करार संपला. मालकांनी फ्लॅट विकायला काढला. गारगोटीकरचं लग्न ठरलं, निपाणीकरला पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली, वडगावकर दोन नव्या मुलींबरोबर कसबा बावड्यात जागा बघतेय. तिथला एजंट नवा आहे. त्याने पहिल्या भेटीत विचारलं, गाव कुठलं. तिने सांगितलं. मग म्हणाला, आडनाव? तिने तेही सांगितलं, आणि त्याची वेळ, तारीख मला मेसेज केली.

जुन्या फ्लॅटचं डिपॉझिट परत आलं, पण रंगकामाचे साडेचार हजार कापून. निपाणीकरला फोन केला तर तिने पाच मिनिटांत चौतीस फोटो पाठवले, सगळे चावी घेतल्याच्या दिवशीचे: प्रत्येक भिंत, प्रत्येक डाग, नळाखालची ओल. त्या दिवशी ती फोटो काढत असताना मी दारात उभी राहून म्हणाले होते, "अगं, कशाला एवढे?" ती काही बोलली नव्हती. मालकांना ते फोटो पाठवलेत. उत्तर अजून आलेलं नाही.